सहा सिलिंडर आणि मधोमध एकच कार्बोरेटर

जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे सगळे प्लग काढा आणि क्रमाने फडक्यावर मांडा. बऱ्याचदा तिसरा-चौथा चहाच्या रंगाचे निघतात आणि पहिला-सहावा पांढुरके. म्हणजे मधल्यांना पेट्रोल पुरतंय, टोकाचे उपाशी आहेत. मग टोकाचे जगावेत म्हणून मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) टाकला जातो, मधले प्लग काळे पडतात आणि ॲव्हरेज कोसळतं. हवा आणि पेट्रोल मिसळणारा मधला एक कार्बोरेटर काढून दोन लावायचे ते ही वाटणी सुधारण्यासाठी. ताकद त्यामागून येते.

कारण साधं आहे. कार्बोरेटरमधून निघालेलं सगळं पेट्रोल वाफ झालेलं नसतं. बरंचसं बारीक थेंबांत असतं आणि काही मेनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या, भिंतीवरून ओघळत जातं. हवा वळणावर सहज वळते, जड थेंब सरळ जाऊन भिंतीवर आपटतो. वाट जितकी लांब, तितकी गळती जास्त.

त्यात फायरिंग ऑर्डरचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमाचा, भाग आहे. १-५-३-६-२-४ या क्रमात क्रँकच्या दर १२० अंशांना एक सिलिंडर हवा ओढायला लागतो, पण ओढण्याचा स्ट्रोकच १८० अंशांचा. म्हणजे एकाचं ओढून संपायच्या आत दुसरा सुरू होतो आणि दोघांची खेचाखेची होते. आता पुढच्या तिघांना एक कार्बोरेटर आणि मागच्या तिघांना दुसरा द्या. पुढच्यांची पाळी १, ३, २ अशी बरोबर २४० अंशांनी येते, मागच्यांची ५, ६, ४ तशीच. खेचाखेची जवळपास संपते. सहा सिलिंडरला दोन कार्बोरेटर इतके शोभतात ते यामुळे. १९४८च्या जॅग्वार एक्सके १२०ला कारखान्यातूनच दोन एसयू कार्बोरेटर होते. शेवरोलेच्या जुन्या सहा सिलिंडरच्या हेडला मात्र इनटेकची (हवा आत जाण्याची) तीनच दारं आहेत, दोन सिलिंडरांत एक. तिथे मधलं दार दोन्ही कार्बोरेटरवर चालतं, त्यामुळे वाटणी सुधारते पण तंतोतंत होत नाही.

मापाची चूक सगळ्यात महागात पडते. २३५ घनइंचांचं शेवरोले इंजिन म्हणजे ३.८६ लिटर. ४००० आरपीएमला, सिलिंडर ८० टक्के भरतो असं धरलं तर, ते मिनिटाला सुमारे ६२०० लिटर हवा ओढतं. ही हवा ३२ मिमीच्या एका व्हेंच्युरीतून (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून) गेली तर सरासरी वेग सेकंदाला १२८ मीटर. तसेच दोन लावले की ६४. आणि १२०० आरपीएमला, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर, जेमतेम १९. व्हेंच्युरीत पेट्रोल वर खेचलं जातं ते हवेच्या वेगाने दाब कमी होतो म्हणून. वेगच नसेल तर जेटमधून पेट्रोल येत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी झटका देऊन बसते. दादर टीटीला दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला २७ मिमीच्या आसपासचे दोन बरे. १९५३च्या कॉर्व्हेटमध्ये याच इंजिनाला तीन कार्टर कार्बोरेटर लावून १५० अश्वशक्ती काढली होती. पण सोबत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वेगळा होता आणि कॉम्प्रेशन वाढवलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

खोलण्याआधी इंजिनाची तब्येत बघा: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि कॉम्प्रेशनमध्ये सिलिंडरा-सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांत स्थिर हवा. थरथरत असेल तर आधी व्हॉल्व्ह.

मेनिफोल्ड बसवताना घाई नडते. त्याच्या तोंडावर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पाती) घाला. ०.२ मिमीचं पातं शिरलं तर फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट करून, घ्या, जाड पॅकिंगने ते झाकलं जात नाही. पॅकिंगची कड वाटेत आत येता कामा नये. इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडणारे मधले बोल्ट आधी ढिले ठेवा, दोन्ही हेडवर मधून कडेला आवळा आणि मग ते मधले आवळा. उलट केलंत तर तापल्यावर एक्झॉस्टचा कान तडकतो. एकदा तापून थंड झालं की सगळे परत आवळायचे.

मुंबईची दोन-तीन पथ्यं वेगळी आहेत. कार्बोरेटरखालचा एक्झॉस्टच्या उष्णतेचा व्हॉल्व्ह गंजून बंद अवस्थेत अडकला असेल, तर मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल उकळतं. तो मोकळा करा आणि कार्बोरेटरखाली ६ ते १० मिमीचा बेकेलाइटचा तुकडा घाला. पावसाळ्यात ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा पावणेचार टक्के भाग नुसती पाण्याची वाफ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणून मिश्रण आपोआप जाड होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. जुलैत ट्यून केलेली गाडी कोरड्या जानेवारीत म्हणूनच पातळ चालते.

पंपावरच्या ई-२० पेट्रोलचा हिशोब याच्या उलट. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. जुन्या जेटवर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ पडतं. १.३० मिमीचा जेट १.३५ केला की भोकाचं क्षेत्रफळ तेवढंच वाढतं. रीमरने भोक मोठं करू नका, मापाचाच जेट आणा. रबरी पाइपही इथेनॉलला टिकणारे घ्या, जुने आतून फुगून सुटतात आणि त्यांचा चुरा वाटीत पेट्रोल सोडणाऱ्या नीडलमध्ये अडकतो.

दोन कार्बोरेटर जुळवताना दोघांना जोडणारा दांडा आधी सोडा. इंजिन पूर्ण तापू द्या. सिंक्रोमीटर (हवेचा ओघ मोजणारं यंत्र) नसेल तर फूटभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. सुसकारा सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू फिरवा. मिक्स्चर स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा सोडा, मग पाव-पाव फेरा करत बघा. शेवटी दांडा जोडा, दोन्ही कार्बोरेटरमधली थ्रॉटलची पाती एकाच क्षणी हलली पाहिजेत.

मग सायन-पनवेल रस्त्यावर टॉप गिअरमध्ये थोडा वेळ सलग चालवा, इग्निशन बंद करून, क्लच दाबून बाजूला घ्या आणि प्लग काढा. सहाही पांढरे असतील तर जेट एक नंबर वाढवा. एकच पांढरा असेल तर जेटला हात लावू नका. त्याच दाराचं पॅकिंग एअर घेतंय.