आवडीची क्रमवारी

आवडीची क्रमवारी : आवडत्या गोष्टींतून मोजक्या निवडून त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देण्याची रीत. आवड सांगायला वेळ लागत नाही, क्रम लावताना मात्र माणूस अडतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातील जिल्ह्यांत ही अडचण सर्वांत ठळक दिसते ती जेवणाच्या बाबतीत. त्यामुळे येथे उदाहरणे तिथल्या पदार्थांची घेतली आहेत.

पहिली अडचण संख्येची. दहा पदार्थांचे क्रम ३६,२८,८०० प्रकारे लागू शकतात. तात्पुरत्या स्मृतीत सातच्या आसपासच घटक राहतात, हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडले. म्हणून लांब यादी एका दमात लावायला घेतली की वरचे दोन-तीन आणि तळाचा एखादा क्रम पक्का होतो, मधले डळमळतात. आज पाचवा असलेला पदार्थ आठवड्याने आठवा होतो. त्यात यादी बनवणाऱ्याचा चंचलपणा नसतो. मधल्या पदार्थांतले अंतरच फार थोडे असते.

त्याहून मोठी अडचण हंगामाची, आणि ती बहुतेक याद्यांत दुर्लक्षित राहते. भरीत हा खान्देशात हिवाळ्याचा पदार्थ. आसोदा-बामणोद भागातली हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, साल काढून हिरवी मिरची-लसणासह लाकडी बडगीत ठेचतात आणि वर कांद्याची पात व शेंगदाणे घातलेली फोडणी देतात. हेच वांगे गॅसवर भाजले तर धुराचा वास उतरत नाही. बिया जास्त असतील तर भरीत कडवट लागते. वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मान असतो खापरावरच्या पुरणपोळीला आणि आमरसाला. सैल, तलम कणकेची ही पोळी हातांवर फिरवत मोठी करून पालथ्या खापरावर टाकतात. डिसेंबरात केलेल्या यादीत भरीत वर येते, मेमध्ये केलेल्या यादीत पुरणपोळी. दोन्ही याद्या खऱ्या असतात, कारण प्रत्येकीचा प्रश्न वेगळा होता.

तिसरी अडचण जोडीने खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची. ज्वारी व उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी भरताशिवाय किंवा ठेच्याशिवाय क्वचितच ताटात येते. वरण-बट्टीसोबत घोटलेली वांग्याची भाजी लागतेच. अशा जोड्या फोडून वेगवेगळे क्रम दिले की भाकरी विनाकारण खाली जाते. जोडी ही एकच नोंद धरावी, हे उत्तम.

क्रम लावण्याची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे दोन-दोन पदार्थांची तुलना. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये तिला शास्त्रीय बैठक दिली. आधी प्रश्न पक्का करावा : ‘हिवाळ्यात, घरी केलेले, रात्रीच्या जेवणाला’. मग प्रश्नात न बसणारे पदार्थ वगळावेत. बारा पदार्थ उरले तर सगळ्या जोड्या ६६ होतात, आणि इतक्या तुलना करताना माणूस कंटाळून काहीही उत्तर देऊ लागतो. त्याऐवजी तीन-तीनचे चार गट आतल्या आत लावून घ्यावेत आणि मग दोन-दोन गट एकमेकांत मिसळावेत. मिसळताना दोन्ही गटांतले फक्त वरचे पदार्थ समोरासमोर ठेवायचे. जिंकलेला बाजूला काढून पुढचा घ्यायचा. अशा रीतीने जास्तीत जास्त ३३ तुलनांत काम होते. जिथे उत्तर चटकन येत नाही तिथे बरोबरी लिहावी. ओढून आणलेला निर्णय दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

तुलना करतानाही कसोटी नकळत बदलते. चवीसाठी भरीत शेवभाजीपेक्षा वर ठेवले जाते. झटपट होते म्हणून शेवभाजी वरण-बट्टीच्या पुढे जाते. आणि पंगतीची मजा म्हणून वरण-बट्टी भरतावर मात करते. तिन्ही उत्तरे प्रामाणिक, तरी क्रम गोल फिरतो. असा फेरा दिसला की तिन्ही जोड्या एकाच कसोटीवर पुन्हा तपासाव्यात.

घरातल्या सगळ्यांची मिळून एक यादी करायची असेल तर कसोटी एकच ठेवूनही हा फेरा येऊ शकतो. आईचा क्रम भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी; वडिलांचा शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत; मुलीचा वरण-बट्टी, भरीत, शेवभाजी असेल, तर भरीत शेवभाजीला, शेवभाजी वरण-बट्टीला आणि वरण-बट्टी भरताला दोनास एक मतांनी हरवते. हा पेच फ्रेंच गणिती कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवला. त्यांचेच समकालीन बोर्दा यांच्या रीतीने पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण दिले तरी तिघांना सहा-सहा गुण पडतात. तीन किंवा अधिक पर्याय असताना साऱ्या वाजवी अटी एकदम पाळणारा, वैयक्तिक क्रमांतून सामूहिक क्रम काढणारा नियम असू शकत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. घरापुरता व्यवहार्य मार्ग म्हणजे प्रत्येकाच्या पहिल्या तिघांत आलेले पदार्थ एकत्र घेऊन त्यांना क्रमांकच न देणे.

गुणांच्या रीतीत आणखी एक दोष आहे. यादीत फुणके-कढीसारखा नवा पदार्थ घातला की आधीच्या दोघांतला क्रमही उलटू शकतो, जरी त्या दोघांबद्दल कोणाचेच मत बदललेले नसले. म्हणून नवी नोंद आली की जुन्या बेरजेत भर न घालता सगळ्यांकडून क्रम नव्याने घ्यावेत, आणि यादीच्या माथ्यावर महिना व प्रश्न लिहून ठेवावा.