वासरांची विषाणुजन्य हगवण : रक्तातील प्रथिने आणि प्रतिकारशक्ती

नवजात वासरांची विषाणुजन्य हगवण म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत विषाणूंमुळे होणारा आतड्यांचा संसर्ग. रोटाव्हायरस आणि गोवर्गीय कोरोनाव्हायरस हे त्याचे दोन मुख्य कारक. गाईची वासरे आणि म्हशीची रेडके दोन्ही त्याला बळी पडतात. वासरू तगेल की दगावेल, हे विषाणूइतकेच त्या वेळी त्याच्या रक्तात किती प्रतिपिंडे आहेत यावर ठरते. ही प्रतिपिंडे वासराने स्वतः तयार केलेली नसतात, ती आईच्या चिकातून उसनी आलेली असतात. रक्तातील प्रथिने मोजली की हे उसने पदरात पडले की नाही ते कळते. मात्र हगवण लागलेल्या वासरात तोच आकडा फसवाही ठरू शकतो.

जन्मताना रक्त कसे असते

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाईच्या वारेची रचना वेगळी आहे. तिथे आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की प्रतिपिंडासारखा मोठा रेणू पलीकडे जाऊच शकत नाही. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळजवळ प्रतिपिंडांविना. त्याच्या रक्तरसात एकूण प्रथिने दर १०० मिलिलिटरला साधारण ४ ते ४.५ ग्रॅम असतात आणि त्यांत अल्ब्युमिन व अल्फा ग्लोब्युलिन यांचाच भरणा असतो. विद्युत-संचलनाने ही प्रथिने वेगळी करून पाहिली, तर प्रतिपिंडांचा गॅमा पट्टा जिथे दिसायला हवा तिथे जवळपास सपाट रेषा दिसते. जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी वाढवण्यासाठी गर्भावस्थेतील वासराचा रक्तरस वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यात वाढीचे घटक भरपूर असतात आणि कामात अडथळा आणणारी प्रतिपिंडे फारच थोडी.

वासराच्या स्वतःच्या प्रतिकार करणाऱ्या पेशी जन्मतः असतात, पण नवख्या असतात. प्रतिपिंडांच्या जोडीने जंतूंशी लढणारी रक्तातील पूरक प्रथिने (कॉम्प्लिमेंट) प्रौढ गाईच्या मानाने बरीच कमी असतात. स्वतःची प्रतिपिंडे दखल घेण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे जातात आणि प्रौढ पातळी गाठायला काही महिने लागतात.

चीक

विण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत गाईची कास रक्तातील प्रतिपिंडे, मुख्यतः आयजीजी या प्रतिपिंड-गटातला आयजीजी-१ हा प्रकार, ओढून साठवू लागते. हा ओढा एवढा मोठा असतो की गाईच्या स्वतःच्या रक्तातील आयजीजी त्या काळात खाली येते. चांगल्या चिकाच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक आयजीजी असते. द्रवात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण दाखवणाऱ्या ब्रिक्स मापकावर हा चीक २२ टक्के किंवा त्याच्या वर दिसतो. पहिल्या धारेनंतर हे प्रमाण झपाट्याने घसरते. दुसऱ्या वेळच्या दुधात ते निम्म्याच्या आसपास येते आणि तिसऱ्या दिवशीच्या दुधात फार थोडे उरते.

महाराष्ट्रातल्या घरांत ही घसरण खरवसाच्या भांड्यात डोळ्यांनी दिसते. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात दूध घालूनच उकडावा लागतो, नाहीतर वडी रबरासारखी चिवट होते. तिसऱ्या दिवसाचा चीक जेमतेम बसतो. विरजणाशिवाय, नुसत्या वाफेवर ही वडी बसते ती उष्णतेने गोठणाऱ्या प्रथिनांमुळे, आणि त्यांत मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा असतो. खरवस हा गोडाचा सुंदर पदार्थ आहे, पण वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचाच तो व्हायला हवा. शेजारीपाजारी वाटण्यासाठी पहिली धार बाजूला काढली जाते, तेव्हा वासराच्या वाट्याची प्रतिपिंडे जातात आणि ती नंतर कुठल्याही खुराकाने भरून निघत नाहीत.

याचे कारण आतड्यात आहे. नवजात वासराच्या लहान आतड्याच्या पेशी अखंड प्रथिने जशीच्या तशी गिळून रक्तात पोचवतात. चिकात ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराला आवर घालणारा घटकही असतो, त्यामुळे प्रतिपिंडे पचून तुटण्याआधी पार होतात. हे दार जन्मापासूनच हळूहळू लागत जाते. सहा तासांनंतर शोषण ठळकपणे कमी होते आणि २४ तासांच्या सुमारास ते जवळपास थांबते. म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के चीक, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर, पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा. अनेक गावांत वार पडेपर्यंत वासराला पाजत नाहीत. वार पडायला सहज आठ-दहा तास जाऊ शकतात आणि शोषणाची सर्वांत मोलाची वेळ तिथेच निघून जाते. पाजण्याचा आणि वार पडण्याचा काही विरोध नाही. उलट वासरू लुचू लागले की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि गर्भाशयाच्या आकुंचनाला मदतच होते.

चिकाचे हे महत्त्व थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये अमेरिकेत प्रयोगाने दाखवले. चीक मिळालेली वासरे जगली, न मिळालेली बहुतेक पहिल्या काही दिवसांतच दगावली.

विषाणू आतड्यात काय करतो

रोटाव्हायरसची हगवण बहुधा चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान लागते. कोरोनाव्हायरसची थोडी उशिरापर्यंत, तिसऱ्या आठवड्यातही दिसते. पहिल्या तीन-चार दिवसांतली हगवण पाहिली की पशुवैद्य आधी ई. कोलाय जिवाणूचा संशय घेतात. प्रत्यक्षात हे कारक एकेकटे कमीच सापडतात, त्यांच्या जोडीला क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवीही बऱ्याचदा असतो. नेब्रास्कात चार्ल्स मीबस आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हगवण लागलेल्या वासरांच्या शेणातून जो विषाणू दाखवला, तो पुढे रोटाव्हायरस म्हणून ओळखला गेला. माणसाच्या बाळांत तो १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडला. लहान मुलांच्या लसींतही गाईच्या विषाणूचा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस गाईच्या आणि माणसाच्या रोटाव्हायरसची जनुके एकत्र आणून बनवलेली आहे.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे रसांकुर असतात. त्यांच्या टोकांवरच्या पेशी दूध पचवतात आणि पाणी शोषतात. रोटाव्हायरस नेमका या टोकांवर बसतो. पेशी गळतात, अंकुर आखूड होतात, आणि दुधातली साखर न पचता पुढे जाऊन पाणी आतड्यात खेचते. शिवाय विषाणूचे एनएसपी-४ हे प्रथिन स्वतःच विषासारखे वागून आतड्यातून पाणी स्रवायला लावते. कोरोनाव्हायरस लहान आतड्यावर थांबत नाही, मोठ्या आतड्यालाही इजा करतो. म्हणून त्याची हगवण सहसा जास्त दिवस चालते आणि शेणात कधी कधी रक्त-शेंब दिसते.

वासरू मरते ते मुख्यतः पाणी आणि क्षार गेल्यामुळे. बायकार्बोनेट वाहून जाते, रक्त आम्लधर्मी होते, पेशींतले पोटॅशियम रक्तात येऊन हृदयाची लय बिघडवते. डोळा खोबणीत आत जातो. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच उभी राहते. तोंडात बोट घातले तर निरोगी वासरू लगेच चोखू लागते. आम्लता वाढलेले वासरू बोट नुसते तोंडात राहू देते, आणि त्या तोंडाचा गारवा बोटाला लागतो.

आकडा कसा वाचावा

चीक नीट मिळालेल्या वासराच्या रक्तरसात २४ तासांनंतर दर लिटरला किमान १० ग्रॅम आयजीजी असावे, ही जुनी मर्यादा आहे. त्याखाली असेल तर प्रतिकारशक्तीचे हस्तांतर फसले असे मानतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये याच्या चार पायऱ्या केल्या : २५ ग्रॅम किंवा अधिक उत्तम, १८ ते २५ चांगले, १० ते १८ बरे आणि १० च्या खाली निकृष्ट. आयजीजी थेट मोजणे खर्चिक असल्याने गोठ्यावर एकूण प्रथिने मोजतात. रक्त गोठू द्यायचे, वर सुटलेल्या पिवळसर रक्तरसाचा एक थेंब अपवर्तनमापकाच्या काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या सीमेवरचा आकडा वाचायचा. दर १०० मिलिलिटरला ६.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त उत्तम, ५.१ च्या खाली निकृष्ट. ही तपासणी पहिल्या दिवसानंतर पहिल्या आठवड्यातच आणि अंगात पाणी पुरेसे असलेल्या वासरावरच भरवशाची असते.

हगवण लागली की घोटाळा होतो. रक्तातले पाणी कमी होते, पण प्रथिने तेवढीच राहतात, म्हणजे ती दाट होतात. समजा चीक न मिळालेल्या वासराची प्रथिने खरी ४.८ आहेत. पाणी गेल्यावर मापक ६ दाखवू शकतो आणि पाहणाऱ्याला वाटते की चीक तर नीट मिळालेला दिसतो. म्हणून हगवणीच्या वासरात एकूण आकडा एकटा वाचू नये. सोबत रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के आहे (पीसीव्ही) ते पाहावे. तोही चढलेला असेल तर प्रथिनांचा आकडा फुगलेला आहे. त्याहून कामाचे म्हणजे अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन यांचे आपसांतले प्रमाण. पाणी गेले तर दोन्ही सारख्याच पटीने दाट होतात, प्रमाण हलत नाही. चीक मिळालेला नसेल तर ग्लोब्युलिन मुळातच कमी, त्यामुळे हे प्रमाण अल्ब्युमिनच्या बाजूला झुकलेले राहते. डोळे खोल गेलेल्या वासरातही ही खूण पुसली जात नाही.

हगवण लांबली की उलट दिशेचे बदल मिसळतात. इजा झालेल्या आतड्यातून अल्ब्युमिन झिरपते, वासरू दूध कमी पिते आणि दाहाच्या काळात यकृत अल्ब्युमिनऐवजी दुसऱ्या प्रथिनांच्या मागे लागते. हॅप्टोग्लोबिन, सीरम अमायलॉइड-ए आणि फायब्रिनोजेन ही ती प्रथिने. निरोगी गाई-वासरांच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे ते चढलेले दिसले तर त्याला अर्थ असतो. जिवाणूंचा संसर्ग मिसळला किंवा तो रक्तात पसरला की ही वाढ जास्त ठळक होते, आणि केवळ विषाणूची हगवण आणि रक्तात विष पसरत चाललेले वासरू यांत फरक करताना तिचा उपयोग होतो.

रक्तात आहे, पण आतड्यात?

रक्तात आयजीजी भरपूर असूनही वासराला रोटाव्हायरसची हगवण लागू शकते, आणि यामुळे पशुपालक गोंधळतात. रक्तातली प्रतिपिंडे वासराला मुख्यतः मरणापासून आणि जिवाणू अंगभर पसरण्यापासून वाचवतात. विषाणूला अडवायचे तर प्रतिपिंडे आतड्याच्या पोकळीत, अंकुरांच्या टोकांशी असावी लागतात. रक्तातली थोडी आयजीजी परत आतड्यात झिरपते, पण खरी मदत होते ती दुधातून रोज येणाऱ्या प्रतिपिंडांची. म्हणून पहिल्या दिवसानंतरही दोन आठवडे दुधात थोडा साठवलेला चीक मिसळून पाजतात. तो आता रक्तात जात नाही, आतड्यातच राहून काम करतो. गाभण गाईला विण्याआधीच्या काही आठवड्यांत रोटा-कोरोनाची लस देण्यामागे हाच विचार आहे. लस गाईला टोचायची, फायदा चिकातून वासराला. चीकच पाजला नाही तर ती लस वाया जाते.

रक्तात आलेली आयजीजी साधारण तीन आठवड्यांत निम्मी होते, आयजीएम आणि आयजीए हे प्रतिपिंडांचे दुसरे प्रकार : आयजीएम चारेक दिवसांत निम्मी होते आणि आयजीए त्याहूनही लवकर. आईची प्रतिपिंडे ओसरत आहेत आणि स्वतःची अजून पुरेशी नाहीत, अशा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात वासरू सर्वांत उघडे पडते.

बीव्हीडी : नावाचा घोळ

‘बोव्हाइन व्हायरल डायरिया’ (बीव्हीडी), म्हणजे शब्दशः ‘गोवंशाची विषाणुजन्य हगवण’, या नावाचा रोग वेगळा आहे. तो पेस्टिव्हायरसमुळे होतो आणि त्याचे पहिले वर्णन १९४६ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाले. नवजात हगवणीचे ते मुख्य कारण नाही. मात्र हा विषाणू पांढऱ्या पेशी घटवतो आणि त्यामुळे इतर संसर्गांना मोकळे रान मिळते. गाभणपणाच्या साधारण पहिल्या चार महिन्यांत तो गर्भात शिरला, तर वासराचे शरीर त्याला आपलाच समजते. असे वासरू जन्मभर विषाणू सोडत राहते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे कधीच बनवत नाही. ते आईच्या चिकातली प्रतिपिंडे पिते तेव्हा आणखी एक पेच पडतो. ही प्रतिपिंडे रक्तातल्या विषाणूला झाकतात आणि रक्ताची प्रतिजन चाचणी, म्हणजे विषाणूची प्रथिने शोधणारी चाचणी, खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून लहान वासरांत कानाचा छोटा तुकडा तपासणे पसंत करतात.

चिकातून अपायही येऊ शकतो, हे युरोपात याच रोगाच्या एका लसीने दाखवले. ती टोचलेल्या काही गाईंच्या अंगात गोवंशीय पेशींविरुद्धच प्रतिपिंडे तयार झाली, चिकातून वासरांत गेली आणि वासरांच्या रक्तपेशी नष्ट होऊन त्यांना रक्तस्राव होऊ लागला. ती लस २०१० मध्ये बाजारातून काढली गेली.

उपचार

विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. ती रक्तात जिवाणू शिरल्याची लक्षणे असतील तरच द्यायची. पहिले काम पाणी, मीठ, ग्लुकोज आणि आम्लता कमी करणारा बायकार्बोनेट किंवा ॲसिटेट यांचे द्रावण देण्याचे. दूध तोडू नये, थोडे थोडे पाजत राहावे आणि द्रावण दोन दुधांच्या मधल्या वेळेत द्यावे. वासरू उठत नसेल, चोखत नसेल तर शिरेतून सलाइन आणि बायकार्बोनेट लागते, आणि ते पशुवैद्याच्याच हातून. चीक चुकलेल्या वासरात २४ तासांनंतर प्रतिपिंडे पोचवण्याचा मार्ग म्हणजे निरोगी प्रौढ गाईचे रक्त किंवा रक्तद्रव शिरेतून देणे. त्याने आयजीजी वाढते, पण लिटरभर रक्तद्रवातूनही जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास आयजीजी मिळते. पहिल्या धारेच्या तीन लिटर चांगल्या चिकात ती दीडशे ग्रॅम असते.