जयपुरातले दोन जयसिंग : मिर्झाराजे आणि सवाई

जयपूर एका दिवसात पाहायचे म्हणून स्वतंत्र गाडी आणि सोबत गाइड ठरवला, की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात एक नाव वीसपंचवीस वेळा तरी कानावर पडते, ते म्हणजे जयसिंग. आमेरचा आरसेमहाल जयसिंगांचा, जयगडावरची तोफ जयसिंगांची, वेधशाळा जयसिंगांची आणि शहराचे नावही जयसिंगांवरूनच पडलेले. मराठी माणसाच्या मनात या नावाची एकच ओळख पक्की असते, ती पुरंदरच्या तहाची. त्यामुळे मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे महाराजांना आग्र्याला पाठवणारे ते हेच ना?" आमच्या गाडीत तो माझ्या मेहुण्यांनी विचारला होता. गाइडने मान डोलावून "हां जी, वही" असे उत्तर दिले आणि त्या वेळी आम्ही जंतरमंतरच्या, म्हणजे त्या वेधशाळेच्या, आवारात उभे होतो. तेवढ्या एका होकारात साठ-सत्तर वर्षांचा काळ आणि चार पिढ्यांचे अंतर पुसले गेले.

आमेरच्या कछवाह घराण्यात या नावाचे दोन मोठे राजे होऊन गेले. पहिले मिर्झाराजे जयसिंग. त्यांचा जन्म १६११ सालचा. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी, १६२१ साली, ते गादीवर आले आणि १६६७ च्या ऑगस्टमध्ये बुऱ्हाणपूरला वारले. दुसरे सवाई जयसिंग. त्यांचा जन्म १६८८ सालचा, म्हणजे पहिले गेल्यानंतर एकवीस वर्षांनी झालेला, आणि मृत्यू १७४३ सालचा. मिर्झाराजांचे पुत्र रामसिंग, त्यांचे किशनसिंग, त्यांचे बिशनसिंग आणि त्यांचे हे सवाई जयसिंग, अशी वंशावळ असल्यामुळे नात्याने दुसरे हे पहिल्यांचे खापरपणतू लागतात. घराणे एक, गादी एक आणि नाव एक असल्याने घोटाळा होणे स्वाभाविक आहे. त्यात भर अशी, की दोघांनीही मोगलांची चाकरी केली आणि दोघेही औरंगजेबाच्या हुकमाने सह्याद्रीत लढायला आले. मिर्झाराजे १६६५ साली चौपन्नाव्या वर्षी पुरंदरच्या पायथ्याशी आले होते. सवाई जयसिंग १७०२ साली खेळण्याच्या, म्हणजे आपल्या विशाळगडाच्या, वेढ्यात होते आणि त्या वेळी त्यांचे वय अवघे तेराचौदा वर्षांचे होते. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

दिवसभराच्या फेरीचा नेहमीचा क्रम या दोघांना वेगळे करायला सोयीचा आहे. बहुतेक गाड्या ऊन चढण्याआधी शहराबाहेर सुमारे अकरा किलोमीटरवरच्या आमेरला जातात, तिथून वर जयगडावर, मग दुपारी शहरात उतरून जंतरमंतर, सिटी पॅलेस व हवामहाल, आणि वेळ उरलाच तर संध्याकाळी नाहरगड किंवा गैटोर हे राजांचे स्मशानस्थान. या क्रमात मिर्झाराजे सकाळीच भेटतात आणि आमेरचा घाट उतरला की संपतात. शहरात दिसणारे पुढचे सारे त्यांच्या माघारी झालेले आहे, कारण जयपूर वसले १८ नोव्हेंबर १७२७ रोजी, मिर्झाराजे गेल्यानंतर साठ वर्षांनी. ज्या शहरात आपण त्यांच्याविषयीचा राग किंवा कुतूहल घेऊन फिरतो, ते त्यांनी पाहिलेलेही नव्हते.

आमेरमध्येही सगळे मिर्झाराजांचे नाही. डोंगरावरचा महाल सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिर्झाराजांच्या आधीचे आमेरचे राजे मानसिंग यांनी उभारायला घेतला. शिलादेवीची बंगालमधून आणलेली मूर्ती आणि महालाचा मागचा जुना, काहीसा कोंदट भाग त्यांचाच. मिर्झाराजांचा हात ओळखायचा असेल तर शीशमहालापाशी थांबावे, ज्याला त्यांच्याच नावावरून जयमंदिर असेही म्हणतात. भिंती आणि छत आरशाच्या बारीक, किंचित फुगीर तुकड्यांनी भरलेले आहेत आणि ते तुकडे चुन्याच्या नक्षीत एकेक बसवलेले आहेत. दोरीच्या अलीकडून मोबाइलचा दिवा दाखवला, तर तोच दिवा छतावर शेकडो ठिकाणी हलताना दिसतो. बाहेरच्या संगमरवरी खांबाच्या तळाशी एक फूल कोरलेले आहे. गाइड त्यावर तळहात ठेवून निरनिराळे भाग झाकतो आणि त्यातून हत्तीची सोंड, माशाची शेपटी, नागाचा फणा, विंचू असे एकेक आकार काढून दाखवतो. हा खेळ सगळेच गाइड करतात, पण तो कंटाळवाणा मात्र वाटत नाही. समोरच्या सुखनिवासात पाण्याचा पाट फिरवून हवा गार ठेवण्याची सोय आहे. ही सगळी शाहजहानच्या दरबारात वावरलेल्या माणसाची अभिरुची आहे, आणि तसा संबंध खरोखरच होता. ताजमहाल ज्या जागेवर उभा आहे तिथे मानसिंगांची हवेली होती. ती मिर्झाराजांकडून घेऊन शाहजहानने त्यांना आग्र्यातल्या चार हवेल्या दिल्या आणि त्याचे डिसेंबर १६३३ चे फर्मान उपलब्ध आहे. मकराण्याचा संगमरवर पोचता करण्याविषयीची फर्मानेही त्यांनाच निघाली होती. 'मिर्झाराजा' हा किताब त्यांना शाहजहानकडूनच मिळालेला.

याच माणसाने जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख तहात घेतला, महाराजांकडे बारा किल्ले ठेवले आणि पुढच्या वर्षी त्यांना आग्र्याला जायला राजी केले. आग्र्यात महाराजांविषयी जामीन राहिलेले रामसिंग हे मिर्झाराजांचे थोरले पुत्र. ऑगस्ट १६६६ मध्ये महाराज निसटले, तेव्हा त्याची झळ पहिल्यांदा लागली ती या बापलेकांना: रामसिंगांची दरबारातली ये-जा बंद झाली, इकडे विजापूरच्या मोहिमेत अपयशी ठरलेल्या मिर्झाराजांना दक्षिणेतून परत बोलावण्यात आले आणि त्या परतीच्या वाटेवरच त्यांचा अंत झाला. आमेरच्या दिवाण-ए-आममध्ये उभे राहून हे आठवले तर ते योग्य ठिकाणी आठवले असे म्हणता येईल. सिटी पॅलेसमध्ये आठवण्यात तसा अर्थ नाही.

आमेरहून जयगडावर गेले की माणूस बदलतो. आमेर आणि जयगड एकाच डोंगररांगेवर आहेत आणि आतल्या वाटेने जोडलेले आहेत, म्हणून ते एकाच राजाचे काम वाटते. जयगडाला आजचे रूप दिले ते सवाई जयसिंगांनी, १७२६ साली. तिथली जयबाण तोफ १७२० साली गडावरच्याच कारखान्यात ओतली गेली. सुमारे वीस फूट लांबीची नळी आणि पन्नास टनांच्या आसपास वजन असलेली ही तोफ चाचणीसाठी एकदाच डागली गेली असे सांगतात. जयगडाचे तिकीट आमेरच्या तिकिटात येत नाही, कारण आमेर राज्य सरकारच्या ताब्यात आहे आणि जयगड व सिटी पॅलेस राजघराण्याच्या न्यासांकडे आहेत. गाडी ठरवताना "सर्व तिकिटे समाविष्ट" असे कोणी म्हटले, तर ही दोन नावे घेऊन वेगळे विचारावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या जयगडाशी या गडाचा संबंध नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण तो प्रश्नही आमच्या गाडीत आला होता.

सवाई जयसिंगांची खरी ओळख मात्र दुपारी होते. त्यांना आरशांपेक्षा रेषांची ओढ होती. नव्या राजधानीचा आराखडा त्यांनी विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने नऊ चौकड्यांचा, म्हणजे चौकोनी विभागांचा, केला, वायव्येला डोंगर आडवा आला म्हणून एक चौकडी पूर्वेकडे सरकवली आणि बाजाराचे रस्ते असे सरळ काढले, की सूरजपोलच्या दरवाज्यापासून चांदपोलपर्यंत मान न वळवता पाहता येते. आमेरच्या वळणावळणाच्या जिन्यांतून नुकताच बाहेर पडलेला माणूस जोहरी बाजारात उभा राहिला, की राजा बदलल्याचे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

जंतरमंतर हे त्या ओढीचे टोक आहे. दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी त्यांनी वेधशाळा बांधल्या. त्यांपैकी मथुरेची आता उरलेली नाही आणि जयपूरची सर्वांत मोठी आहे. तिथल्या सम्राटयंत्राची, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणाऱ्या भल्यामोठ्या घड्याळाची, उंची सुमारे सत्तावीस मीटर आहे. भर उन्हात त्याच्या बाजूच्या संगमरवरी कमानीपाशी उभे राहून सावलीच्या कडेवर बोट ठेवावे आणि फक्त एक मिनिट मोजावे: सावली बोटाखालून निघून चार बोटे पुढे गेलेली असते, कारण ती सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. यंत्र दोन सेकंदांपर्यंत अचूक आहे असे गाइड सांगतो, पण सावलीची कडा इतकी धूसर असते की तो आकडा वाचायला सराव लागतो. मनगटी घड्याळाशी ही वेळ जुळत नाही म्हणून कोणी हसू नये. यंत्र जयपूरची स्थानिक वेळ दाखवते, ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे सत्तावीस मिनिटांनी मागे असते आणि त्यात ऋतूनुसार आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. आकाश ढगाळ असेल तर मात्र जंतरमंतर नुसत्या भिंती आणि जिने वाटते. अशा दिवशी आमेरला जास्त वेळ द्यावा. जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडच्या भूमितीचे 'रेखागणित' हे संस्कृत रूप केले, ते याच राजाच्या आश्रयाने.

मराठ्यांशी सवाई जयसिंगांचा संबंध पुरंदरच्या साच्यात बसत नाही. माळव्याचे सुभेदार म्हणून ते मराठी फौजांशी लढले, १७३३ साली मंदसोरपाशी कोंडीत सापडून खंडणी देऊन सुटले, आणि तरीही मोगल दरबारात मराठ्यांशी समेट करावा असेच सांगत राहिले. १७३६ साली थोरले बाजीराव आणि ते किशनगडजवळ भेटले. १७४१ साली नानासाहेबांना माळव्याची सनद मिळाली तीही त्यांच्याच मध्यस्थीने. त्याहून मला जवळची वाटते ती १७३५ सालची गोष्ट. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या, तेव्हा वाटेत त्या जयपूरला सवाई जयसिंगांच्या पाहुण्या होत्या. शहर त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचे होते. नव्या जयपूरचे आद्य मराठी प्रवासी शोधायचे झाल्यास राधाबाईंच्या त्या काफिल्याचा विचार करावा लागेल. या सौहार्दाचा शेवट मात्र वाईट झाला. सवाई जयसिंगांच्या मागे गादीसाठी भाऊबंदकी पेटली, मराठ्यांनी त्यात भाग घेतला, होळकरांची फौज चालून येते आहे हे पाहून त्यांचे पुत्र ईश्वरीसिंग यांनी डिसेंबर १७५० मध्ये जीव दिला आणि पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. त्रिपोलिया बाजारात वर डोकावणारा ईसरलाट नावाचा मनोरा या ईश्वरीसिंगांचा.

आता 'सवाई' या शब्दाबद्दल. एकापेक्षा पाव अधिक, हा त्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. पेशव्यांत सवाई माधवराव आपल्याकडेही होऊन गेले. जयपुरात अडचण अशी, की दुसऱ्या जयसिंगांपासून पुढच्या सर्वच राजांनी हे बिरुद लावले, त्यामुळे सिटी पॅलेसमध्ये ज्याच्या त्याच्या नावामागे सवाई असते. गंगाजल विलायतेला नेण्यासाठी केलेले चांदीचे प्रचंड हंडे दुसऱ्या माधोसिंगांचे आहेत आणि ते १९०२ च्या प्रवासाचे आहेत. हवामहाल १७९९ सालचा असून तो सवाई जयसिंगांचे नातू प्रतापसिंग यांनी बांधला. शहराला गुलाबी रंग दिला तो १८७६ साली वेल्सच्या युवराजाच्या भेटीसाठी, दुसऱ्या रामसिंगांच्या कारकिर्दीत; आग्र्यात महाराजांना जामीन राहिलेले रामसिंग ते हे नव्हेत, म्हणजे इथे नावाचा दुसरा सापळा आहे.

गाइड परवानाधारक असला, गळ्यात ओळखपत्र असले आणि बोलणे गोड असले, तरी तो रोज तीच वाक्ये म्हणत असतो आणि त्या ओघात क्रमांक गळून पडतात. सकाळी गाडीत बसतानाच त्याला सांगून ठेवावे, की नाव घेताना 'पहिले' की 'दुसरे' तेवढे म्हणा. चांगल्या गाइडला याचा राग येत नाही, उलट समोरचा ऐकतो आहे म्हणून तो खुलतो. आमच्या गाइडने मेहुण्यांना दिलेला होकार अर्ध्या तासाने स्वतःहून मागे घेतला आणि मग गैटोरला नेण्याचा आग्रहही त्यानेच धरला.

गैटोर हे नाहरगडाच्या पायथ्याशी असलेले जयपूरच्या राजांचे स्मशानस्थान आहे. तिथे पांढऱ्या संगमरवराची, बारीक कोरीव कामाची सवाई जयसिंगांची छत्री आहे आणि तिच्या आसपास त्यांच्या वंशजांच्या छत्र्या आहेत. मिर्झाराजांचे स्मारक पाहायचे तर तापीकाठी बुऱ्हाणपूरला जावे लागते; तिथे शहराबाहेर उभ्या असलेल्या छत्रीला लोक 'राजा की छत्री' म्हणतात, आणि भुसावळहून ती जयपूरपेक्षा कितीतरी जवळ आहे.