बेळगावात पुस्तक घरी कोणाला नेता येतं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी विद्यार्थ्यांच्या पुस्तकांचा विषय निघाला की बोलणं थेट 1956 वर जातं. विद्यापीठीय ग्रंथालयापुरती रेघ मात्र त्याआधीच ओढली गेली होती. लिंगराज (1933) आणि राणी पार्वतीदेवी (1945) ही बेळगावची कॉलेजं मुंबई विद्यापीठाकडे होती. 1949 मध्ये कर्नाटक विद्यापीठ निघालं आणि ती धारवाडच्या कक्षेत गेली. जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता! 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यपुनर्रचनेत, तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, निपाणीहून तासाभराच्या वाटेवर, पण बेळगावच्या कॉलेजांच्या कक्षेबाहेर.

देवघेव विभाग वाचकाची भाषा विचारत नाही, ओळखपत्र विचारतो. आपल्या विद्यार्थ्याला अनामत घेऊन पुस्तक घरी. बाहेरच्याला बहुधा कॉलेजचं पत्र आणि वाचनकक्षात बसायची परवानगी. यात दुष्टपणा नाही. प्रती थोड्या असतात, आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्याकडून पुस्तक परत कसं मिळवायचं, हा ग्रंथपालाचा प्रश्न रास्तच आहे. फक्त या नियमाचा भार सीमाभागातल्या मराठी वाचकावर जास्त पडतो, कारण त्याच्या विषयाची पुस्तकं एका विद्यापीठात आणि त्याचं ओळखपत्र दुसऱ्या विद्यापीठाचं.

पैशाची बाजूही जुनीच आहे. विद्यापीठीय शिक्षणासाठी नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाने (1948-49) विद्यापीठाच्या खर्चातला सव्वासहा टक्के वाटा ग्रंथालयाला द्यावा असं सुचवलं होतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 मध्येच 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' हे सूत्र मांडलं होतं. सूत्र पाठ झालं, पैसा तेवढा आला नाही.

मग भार पडला गावातल्या वाचनालयांवर. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 चं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षाही नऊ वर्षांनी जुनं. इथे दोन राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्याने मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि भर सरकारी ग्रंथालयांवर दिला. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्याने लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अनुदान देण्याची वाट धरली. बेळगावच्या जुन्या मराठी वाचनालयांची घडण दुसऱ्या वाटेची आणि पत्ता पहिल्या राज्यातला. वर्गणीदार टिकले म्हणून कपाटंही टिकली. पण वर्गणीदारांची आवड कथा-कादंबरीची, एम.ए.ला लागणारे समीक्षाग्रंथ तिथे नेहमी सापडतीलच असं नाही.

बेळगावात 1982 मध्ये कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र आलं, 2010 मध्ये त्याचं राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि धारवाडची फेरी बऱ्याच जणांची टळली. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची बुक बँक, म्हणजे पाठ्यपुस्तकं वापरायला देण्याची योजना, त्याआधीपासूनच होती. मराठीच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नव्हता.

झेरॉक्सबद्दलची भीती 2016 मध्ये थोडी कमी झाली. शिकवण्यासाठी पुस्तकांतले भाग एकत्र करून छापणं कॉपीराइट कायद्याच्या अपवादात बसू शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर कोल्हापूर-पुण्याचे मराठी प्रबंध आता खानापुरात बसूनही वाचता येतात. प्रबंधांच्या संदर्भसूचीतली पुस्तकं मात्र बहुतेक छापीलच आहेत. ती हवी असतील तर आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे एका ग्रंथालयाने दुसऱ्याकडून पुस्तक मागवण्याची, सोय आहे, पण तो अर्ज विद्यार्थ्याच्या नव्हे, त्याच्या कॉलेजच्या ग्रंथपालाच्या सहीने जातो.