पार्श्वभूमी : साथ सरासरीने पसरत नाही
१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत खान्देशातही घुसला. भुसावळ तोवर मोठे जंक्शन झाले होते. एक फाटा नागपूरकडे, दुसरा खंडव्याकडे. १९०० च्या सुमारास तापीकाठाने सुरत-अमळनेर रेल्वेही झाली. प्लेग पसरवणाऱ्या उंदरांवरच्या पिसवा धान्याच्या पोत्यांतून, कपड्यांच्या गाठोड्यांतून प्रवास करतात. त्यामुळे जिथे मालाची चढउतार, गोदामे आणि उंदीर, तिथे धोका आधी. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालत. सरकारी सक्तीपेक्षा हा उपाय शहाणपणाचा होता. पण ज्याला शेतच नाही त्याने जायचे कुठे?

साथींच्या गणिताची एक पायाभूत मांडणी याच प्लेगच्या आकड्यांवर ताडून पाहिली गेली. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये आपले सूत्र मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंशी जुळवून दाखवले. मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. आलेख सुरेख जुळला. मात्र त्या साध्या सूत्रात कुणीही कुणाच्याही संपर्कात सारखाच येतो असे धरले होते. म्हणजे भुसावळच्या मालधक्क्यावरचा हमाल आणि सातपुड्यातल्या धडगावकडचा पावरा आदिवासी शेतकरी एकाच मापात!

हे माप किती तोकडे, ते २००३ च्या सार्स या श्वसनाच्या साथीने ठळकपणे दाखवले. सिंगापूर, हाँगकाँगमध्ये मोजक्या रुग्णांनी डझनावारी लोकांना आजार दिला, बहुतेकांकडून तो एकालाही गेला नाही. ‘एक रुग्ण सरासरी इतक्यांना’ या आकड्यातून हे कळतच नाही.

सातपुड्यात हा फरक वेगळ्या रूपाने दिसतो. पाड्यावरची घरे एकमेकांपासून लांब, ज्याच्या-त्याच्या शेतात. म्हणून आजार शिरायला वेळ लागतो. पण दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. आशाताई नर्सबाईंसोबत लशीचा डबा घेऊन चढण चढतात, तर दारे बंद. होळीला सगळे परततात, रात्रभर एकत्र नाचतात. लस चुकलेली मुले जिल्हाभर विखुरलेली नसतात, ठरावीक पाड्यांवर साठत जातात. जिल्ह्याची टक्केवारी चांगली असली तरी तिथे गोवराला मोकळे रान मिळते. गोवर रोखायला साधारण ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. तो हिशेब पाड्यागणिक मांडायला हवा, आणि मुले ऊसाच्या फडावर असतील तेव्हा फडावरही.