आयएसओ कमी म्हणजे नॉइज कमी?

खानदेशातल्या शूटिंगवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय: लॉगमध्ये (फिकट, कमी कॉन्ट्रास्टचं रेकॉर्डिंग) आयएसओ (कॅमेऱ्यात चित्र उजळवायचं सेटिंग) जितका कमी, तितकं चित्र स्वच्छ. कानबाईच्या (खानदेशातला देवीचा उत्सव) रात्री दिव्यांच्या उजेडात हाच हिशेब अंगाशी येतो. नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, मुळात सेन्सरवर उजेड कमी पडल्याचा. ग्रेडिंगमध्ये (शूटनंतर रंग-उजेड जुळवताना) कॉन्ट्रास्ट ताणला की तो सावल्यांत वळवळू लागतो.

सोनी ए सेव्हन एस थ्री कॅमेऱ्यावर एस-लॉग थ्रीचे (सोनीचा लॉग) बेस, म्हणजे सेन्सर सर्वांत स्वच्छ चालतो ते आयएसओ, दोन: ६४० आणि १२८००. म्हणून ६४०० पेक्षा १२८०० स्वच्छ दिसतो, पटो न पटो.

चेहरे पांढरेफटक होत नसतील तर ॲपर्चर (लेन्सचं भोक) उघडून उजेड एक-दीड स्टॉप जास्त घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). मग ग्रेडिंगमध्ये एक्स्पोजर लटच्या (लॉगला नेहमीचे रंग देणारा तयार तक्ता) आधीच्या नोडवर (ग्रेडिंगची एक पायरी) उतरवा. नंतर उतरवलं तर लटने कापलेले हायलाइट (चित्रातले उजळ भाग) परत येत नाहीत. डिनॉइज (नॉइज काढणं) अगदी पहिल्या नोडवर. टेम्पोरल (शेजारच्या फ्रेम्स पाहून काढणारं) आधी, स्पेशियल (एकाच फ्रेममध्ये पुसणारं) जेमतेम, नाहीतर शालूची जर मेणासारखी गुळगुळीत होते.