ओव्हलच्या दोन बाजू, एकच हवा

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचं ग्रंथालय दिसतं. ग्रंथालयावर सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई टॉवर आहे. हे सगळं १८७०च्या दशकात पुरं झालेलं दगड-चुन्याचं काम. पश्चिमेला बॅकबेच्या भरावावर, मुख्यतः १९३०च्या दशकात बांधलेल्या आर्ट डेको इमारती. त्यांचे कोपरे गोलसर, सज्जे लांबच लांब आणि अंगात लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट. या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारती मिळून ९४ वास्तू २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. दोन्हीकडे वाहणारी खारी, दमट हवा एकच आहे. पण तिच्यातला कार्बन डायऑक्साइड पूर्वेच्या भिंतींना बळ देतो आणि पश्चिमेच्या इमारती आतून पोखरतो. वारसा इमारती दुरुस्त करणाऱ्या वास्तुविशारदाला सगळ्यात आधी हे समजून घ्यावं लागतं.

आधी चुन्याची गोष्ट. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, फुटतो आणि त्याचं लोण्यासारखं मऊ भिजाण होतं. त्यात वाळू किंवा विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, मिसळून तो घाण्यात मळतात. आपल्या कितीतरी किल्ल्यांवर बैलांनी ओढायच्या दगडी चाकाचा चुन्याचा घाणा आजही दिसतो. गवंडी या मिश्रणात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असंही काही घालत.

हा चुना भिंतीत बसला की हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेऊ लागतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भट्टीत जाण्याआधी जो होता तोच. ही क्रिया बाहेरून आत सरकते आणि जाड भिंतीत तिला दशकं लागतात. मला चुन्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो पुढचा. भिंतीला केसासारखी बारीक चीर गेली तर पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून तिथे नेतं, पाणी वाळतं, चुना चिरेत साचून घट्ट होतो आणि चीर बुजते. ‘चुनेगच्ची बांधकाम’ हा शब्द आपल्याकडे मजबुतीसाठी रूढ झाला तो उगाच नाही.

चुन्याचा दुसरा गुण सच्छिद्रपणा. जमिनीतून चढलेली ओल आणि पावसाचं मुरलेलं पाणी दगडांमधल्या दरजांतून, म्हणजे सांध्यांतून, वाफ होऊन निघून जातं. मग कोणीतरी कळकळीने, ‘जरा मजबूत करू’ म्हणून त्याच दरजा सिमेंटने भरतं. सिमेंट कडक आणि त्या मानाने बंद. ओलीची वाट अडते, ती दगडातून बाहेर पडू लागते. तिच्याबरोबर आलेले क्षार, काही सिमेंटमधलेही, दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात. भिंतीला लोणा लागतो, नक्षीचे पोपडे सुटतात. पोरबंदरच्या मऊ दगडात हे फार लवकर होतं. दरज झिजली तर पुन्हा भरता येते, पण कोरलेला चेहरा झिजला की तो गेलाच. म्हणून जुन्या भिंतीत दरज नेहमी दगडापेक्षा मऊ हवी. गावोगावच्या देवळांवर आणि वाड्यांवर सिमेंटचे गिलावे चढताना पाहून जीव तुटतो, कारण लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

हे निस्तरणं वेळखाऊ असतं. सिमेंट छिन्नीने, हातानेच काढावं लागतं, कारण यंत्राचं पातं दगडाची कड खातं. क्षार ओढून घ्यायला कागदाच्या लगद्याचे ओले लेप लावतात, वाळले की काढतात, पुन्हा लावतात. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाचं जतनकाम २०१३ ते २०१५ चाललं आणि २०१८ साली त्याला युनेस्कोचं सन्मानपत्र मिळालं.

आता मैदान ओलांडून पश्चिमेला. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू, म्हणजे pH, १२च्या वर. एवढ्या अल्कात सळईवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि गंज दूर राहतो. पण इथेही कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत सरकतो, वाटेत सिमेंटमधल्या चुन्याची चुनखडी करतो आणि सामू ९च्या खाली आणतो. रसायन तेच, परिणाम उलटा. संरक्षण गेलं की सळई गंजते. समुद्रावरून आलेलं मीठ त्याला आणखी वेग देतं. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. आतून दाब येतो आणि सज्जाचा तुकडा खाली पडतो.

हा कार्बन डायऑक्साइड कुठवर पोचलाय ते पाहायची एक साधी चाचणी आहे. काँक्रीट थोडं फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं, शाळेच्या प्रयोगशाळेतलंच. जिथे गुलाबी रंग येतो तिथे अल्क शाबूत आहे. जिथे रंगच येत नाही तिथे हवा पोचली. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत गेलेली दिसली, तर सैल काँक्रीट काढणं, गंज घासणं, नवी सळई जोडणं हे सगळं आलंच.

म्हणूनच दोन्ही बाजूंना वेगळा रंग लागतो. पूर्वेच्या सच्छिद्र भिंतींना बंद थर नको, तिथे दगड उघडा ठेवतात आणि गिलावा असेल तर चुन्याची सफेदी देतात. पश्चिमेला मात्र वाफ सोडणारा पण कार्बन डायऑक्साइड अडवणारा लेप चढवतात, आणि पावसाळ्याआधी तो कुठे सुटलाय का ते तपासावं लागतं.